होळी, ऊसतोड आणि ३१ मार्च

शुक्रवार, २३ फेब्रुवारी २०२४. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना स्लाइड दाखवत होते, तेवढ्यात अकाउंट्समधल्या आप्पांचा फोन. "तुमना पैसा उनात, मॅडम!" म्हणजे तुमचे पैसे आले. आप्पा मूळचे शिंदखेड्याकडचे. खूश असले की अहिराणीत बोलतात, चिडले की शुद्ध मराठीत. पुढचं वाक्य शुद्ध मराठीत आलं. "पण खर्च ३१ मार्चच्या आत दाखवावा लागेल."

३७ दिवस. संशोधनाच्या अनुदानाचा अर्ज मंजूर होऊन तीन महिने उलटले होते, त्याआधी अर्ज करण्यात दोन वर्षं गेली होती, आणि आता पहिला हप्ता संपवायला ३७ दिवस. वर ज्या माणसांसाठी हा पैसा होता ती सगळी त्या दिवशी गुजरातेत ऊस तोडत होती.

मी खानदेशातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजी शिकवते. माहेर अमळनेरचं. संशोधनाचं खूळ मला पूर्वीपासून होतं असं अजिबात नाही. आमच्यात बढतीला शोधनिबंध लागतात, म्हणून जो तो काहीतरी लिहितो. मीही दोन लिहिलेत, ते कुणी वाचले असतील असं वाटत नाही. सरकारकडे पैसे मागून संशोधन करायचं हे डोक्यात आलं ते डिसेंबर २०२१ मध्ये, एका चौदा महिन्यांच्या मुलीमुळे.

बालरोग विभागातल्या मैत्रिणीने मला वॉर्डात बोलावलं होतं. मुलगी धडगावच्या वरच्या पाड्यावरची. दोन्ही हातांचे पंजे वरून असे फुगलेले, जशी तेलातून नुकती काढलेली पुरी. बोटं ताठ. हात लावला की रडायची नाही, श्वास धरून गप्प व्हायची. आई पावरी बोलणारी. सोबत आलेली आशाताई मराठी करून सांगत होती. थंडी लागली म्हणून शेकलं, गावच्या डॉक्टरने दोनदा बाटली दिली, सूज उतरली आणि परत आली. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या आमच्या एचपीएलसी मशीनवर रक्त लावलं. प्रौढ हिमोग्लोबिनचा जो ठसठशीत डोंगर दिसायला हवा, तो आलेखावर नव्हताच. होता तो एस, म्हणजे सदोष हिमोग्लोबिन, आणि थोडा एफ, म्हणजे गर्भातलं. सिकलसेल, आईबाप दोघांकडून आलेला. एकाकडूनच आला तर मूल आजारी नसतं, नुसतं वाहक असतं.

आईला हे समजावून सांगताना आशाताईला बराच वेळ लागला. सगळं ऐकून झाल्यावर त्या बाईने एकच विचारलं. हिच्या आधीचा मुलगा दहा महिन्यांचा असताना एका रात्रीच्या तापात गेला. त्यालाही हेच होतं का?

मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं, मी खाली रिपोर्टकडे. त्याचं रक्त कधी कुणी काढलंच नव्हतं.

हा आजार काही नवा नाही. १९१० मध्ये शिकागोच्या हेरिक नावाच्या डॉक्टरने विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे कळलं की बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, बस एवढंच. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये तो सापडला. आमच्या सातपुड्यात भिल्ल, पावरा वस्तीत तो पिढ्यानपिढ्या आहे. महाराष्ट्रात पंधराएक वर्षांपासून सिकलसेल कार्यक्रम चालू आहे, आशाताईंना आजाराचं नाव तोंडपाठ आहे.

मग संशोधन कसलं करायचं? हा प्रश्न मला पुढे दिल्लीपर्यंत सगळ्यांनी विचारला, म्हणून इथेच सांगते. गावोगाव जी साधी चाचणी व्हायची, नळीत रक्त टाकून ते गढूळ होतं का बघायची, ती सहा महिन्यांखालच्या बाळाला उपयोगाची नाही. त्या वयात रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, एस झाकला जातो. हेच गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला सुरुवातीला सांभाळतंही. ते ओसरलं की त्रास सुरू होतो, आणि जंतूंशी लढणारी प्लीहा निकामी होऊ लागल्यामुळे न्यूमोकोकससारखा जंतू एका रात्रीत बाळ नेऊ शकतो. अमेरिकेत १९८६ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत अशा बाळांना रोज दोन वेळा पेनिसिलिन दिलं, तर गंभीर जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हापासून तिकडे जन्मतःच टाच टोचून तपासणी करण्याला जोर आला.

आता आपल्याकडच्या आदिवासींमध्ये जे जनुकीय वाण जास्त आढळतं, त्याला अरब-भारतीय म्हणतात. त्यात एफ जास्त टिकतो, म्हणून आपला सिकलसेल 'सौम्य' असं आम्ही कॉलेजात शिकलो. नागपूर आणि दक्षिण गुजरातेत जन्मापासून बाळांचा पाठपुरावा झाला तेव्हा दिसलं की प्रत्येक वेळी तो सौम्य नसतो, बाळागणिक फरक पडतो. मग आमच्या पाड्यावरच्या बाळांचं काय? आणि जिथे आईबाप वर्षातले चार-पाच महिने घरीच नसतात, तिथे दिवसातून दोनदा पेनिसिलिन जाईल का पोटात? मला एवढंच बघायचं होतं. जन्मतःच टाचेतून चार थेंब रक्त कागदावर घ्यायचं, आजार निघाला तर बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत त्याचा पिच्छा सोडायचा नाही.

वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी केंद्र सरकारची दारं मोजकी. सगळ्यात जुनं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, १९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन म्हणून सुरू झालेलं, आजचं नाव १९४९ पासून. १९८६ चा जैवतंत्रज्ञान विभाग. २००७ मध्ये निघालेला आरोग्य संशोधन विभाग. आणि आता २०२३ च्या कायद्याने आलेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. मी यातल्या कोणत्या दारी गेले की आणखी कुठे, ते सांगत नाही. ज्यांनी ज्यांनी अर्ज केलेत त्यांच्याशी बोलले, तर अनुभव उन्नीस-बीस सारखाच.

पहिला अर्ज २०२२ च्या उन्हाळ्यात केला. चाळीस पानं. त्यात काय नव्हतं! जनुकांचं सिक्वेन्सिंग, बायोमार्कर, कृत्रिम बुद्धिमत्ता सुद्धा एका ठिकाणी घुसवली होती, कारण तेव्हा सगळेच घुसवत होते. सप्टेंबरात पोर्टलवर उत्तर आलं, एका ओळीचं: नावीन्य कमी, संस्थेची क्षमता अपुरी. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. घरी नवऱ्याने एकदा विचारलं, मग त्यानेही विचारणं सोडलं.

मुंबईतले माझे एक जुने सर आहेत, आता निवृत्त. त्यांना अर्ज पाठवला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला असेल-नसेल तेवढ्यात फोन केला. म्हणाले, "अगं, तुझा प्रश्न नवव्या पानावर आहे. समीक्षकाकडे पन्नास अर्ज असतात, तो नवव्या पानापर्यंत कशाला येईल? आणि सिक्वेन्सिंग कुठे करणार आहेस, घाटात?" शरम वाटली, पण खरं होतं. ते जे मागतील असं मला वाटलं ते मी लिहिलं होतं. मला काय हवंय ते आठ पानांनंतर आलं होतं.

दुसरा अर्ज जानेवारी २०२३ मध्ये, आधी फक्त चार पानांचा प्राथमिक प्रस्ताव. पहिल्या परिच्छेदात बाळ, टाच, कागद, पेनिसिलिन, दोन वर्षं. बस. तो पुढे गेला, मग पूर्ण प्रस्ताव मागवला.

अंदाजपत्रक करायला आप्पांच्या टेबलाशी बसले तेव्हा खरं शिक्षण झालं. आप्पांना सामान्य वित्तीय नियम तोंडपाठ, जसे कुणाला अभंग असावेत. मनुष्यबळ, उपकरणं, आवर्ती खर्च, आकस्मिक, प्रवास, संस्थेचा वरखर्च असे कप्पे असतात. एका कप्प्यातला रुपया दुसऱ्यात टाकायचा तर परवानगी. तेव्हाच्या नियमांप्रमाणे २५ हजारांपर्यंतची खरेदी कोटेशनशिवाय, अडीच लाखांपर्यंत स्थानिक खरेदी समिती, त्याच्या वर टेंडर. शिल्लक राहिली तर परत, "आणि बँकेने व्याज दिलं असेल तर तेही सरकारचं, मॅडम, त्याचे पेढे नका वाटू."

मी प्रवासाच्या कप्प्यात जरा सढळ हाताने लिहिलं होतं. दिवाळीनंतर आमच्या वरच्या पट्ट्यातली गावंच्या गावं मुकादमाची उचल घेऊन बारडोली, नवसारीकडे तोडीला जातात आणि होळीला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, बाळ पाचटावर. तेव्हा पाठपुरावा करायचा तर आम्हाला तिकडे जायला हवं. आप्पांनी चष्मा वर केला. "हे कापतील." मग उपकरणांच्या कप्प्याकडे बोट केलं, "इथे मात्र हात आखडता घेतलाय तुम्ही. एखादा मोठा फ्रीजर टाका. दिल्लीला फ्रीजर समजतो."

खरं सांगते, टाकला. उणे ८० अंशांचा. वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यांना इतकी थंडी लागतच नाही, साधा डीप फ्रीजर पुरतो. पण मागच्या नकाराचा 'संस्थेची क्षमता अपुरी' हा शब्द डोक्यात होता, आणि मोठ्या यंत्राने क्षमता दिसते.

मधल्या काळात नैतिकता समिती झाली. तिला लोक कपाळावर आठी घालून जातात, मीही तशीच गेले, पण या सगळ्या प्रवासात मला सर्वात कामाची बैठक ती वाटली. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे समितीचा अध्यक्ष बाहेरचा लागतो, एक वकील लागतो, आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक सामान्य माणूस लागतो. आमच्याकडे ती जागा एका निवृत्त शिक्षिकेकडे होती. डॉक्टर मंडळींनी मला किती मिलिलिटर, कोणता कागद, असलं विचारलं. बाई शेवटपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मुलगी वाहक निघाली, आजारी नाही, नुसती वाहक. तो कागद तुम्ही कुणाच्या हातात देणार?"

मी म्हटलं, आईच्या.

"आणि आईच्या हातून सासूच्या. अठरा वर्षांनी लग्न जमवायच्या वेळी तो कागद घरात असेल. तिचं आयुष्य आहे, तिला विचारलंय का कुणी? ती तर दोन दिवसांची आहे."

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. शेवटी ठरलं की वाहक असल्याची माहिती आईबाप दोघांना एकत्र बसवून सांगायची, त्यांना हवी असेल तरच. कागद आग्रहाने हातात द्यायचा नाही. आणि पुढच्या प्रत्येक बाळंतपणात आजारी बाळ होण्याची शक्यता चारात एक आहे, हे दोघेही वाहक असतील तिथे जरूर समजावायचं. संमतीपत्रक परत लिहिलं. मूळ इंग्रजीतून मराठी केलेलं इतकं अवघड होतं की माझ्या आईला वाचायला दिलं तर म्हणाली, "हाई काय कोर्टानं शे का?" मग पावरीत तोंडी सांगायचा मजकूर केला. आमच्याबरोबर धडगावकडचा एक तरुण होता, लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेला. त्याच्यासोबत दोन दुपारी बसले. 'संशोधन' या शब्दापाशी गाडी अडली. तो बराच विचार करून म्हणाला, "मॅडम, आपण असं सांगू: आम्हाला पण माहीत नाही, म्हणून बघतोय." आम्ही तेच ठेवलं. चार पानांच्या पत्रकातलं सर्वात सरळ वाक्य तेच आहे.

दरम्यान १ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. मला दोन्ही वाटलं. आनंद झाला, कारण गावात किट पोचणार. आणि धास्ती, की आता समीक्षक म्हणतील, सरकार करतंयच, तुमचं वेगळं काय? सादरीकरण ऑनलाइन झालं. दहा मिनिटं. एका समीक्षकाने नेमकं तेच विचारलं. मी म्हटलं, "अभियान शोधून काढेल. सापडलेल्या बाळाचं पुढे काय झालं, ते आम्ही बघणार." दुसऱ्याने फ्रीजर ठेवणार कुठे ते विचारलं. ऊसतोडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

नोव्हेंबरात मंजुरीपत्र आलं. फ्रीजर पूर्ण मंजूर. प्रवास निम्म्यावर, आणि खाली टीप: प्रवास प्रकल्प जिल्ह्यापुरता मर्यादित. आप्पांनी पत्र वाचून माझ्यासमोर नुसतं सरकवलं. बोलले काही नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

मग स्वतंत्र खातं, पोर्टलवर संस्थेची नोंद, नोंदीतलं नाव आणि बँकेतलं नाव यातल्या एका टिंबाचा फरक, तो काढायला तीन आठवडे. यावर जास्त लिहीत नाही. ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना कंटाळा येईल.

तर २३ फेब्रुवारी. माणसं नेमायची जाहिरात लगेच दिली. फ्रीजर, टाच टोचायच्या सुया, फिल्टर पेपर, सगळं सरकारी खरेदी पोर्टलवर टाकलं. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. मुलाखती झालेल्या, नेमणुकीचे आदेश निघालेले नाहीत. आता काढायचे की नाही, याच्यावर फाइल तीन टेबलं फिरली. सुयांचं पार्सल आलं ते उघडलं तर आत मधुमेहवाले बोट टोचतात त्या सुया. दोन दिवसांच्या बाळाच्या टाचेला त्या लावणं म्हणजे पाप. पुरवठादाराला फोन केला तर म्हणे, "मॅडम, लॅन्सेट म्हणजे लॅन्सेट, लोएस्ट रेटमध्ये हेच येतं." परत पाठवल्या. नवीन यायला मे उजाडला.

त्या वर्षी होळी २४ मार्चला होती. होळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या भागात भोंगऱ्या बाजार भरतात, ढोल, बासऱ्या, चांदीचे दागिने, तोडीवरून परतलेल्यांच्या खिशात चार पैसे. अख्ख्या वर्षात सगळी माणसं एकाच ठिकाणी सापडतात ती तेव्हाच. मी त्या आठवड्यात कुठे होते? आप्पांच्या टेबलाशी, बिलांच्या मागे शिक्के मारत. २५ ला धूलिवंदन, २९ ला गुड फ्रायडे, ३१ ला रविवार. कामाचे म्हणावे असे दिवस तीन. फ्रीजरचं बिल २८ तारखेला पास झालं. इतर बहुतेक रक्कम परत गेली, व्याजासकट. पुढच्या वर्षी ती मागताना अर्थातच विचारणा झाली की पहिल्या वर्षी खर्च इतका कमी का.

काम खऱ्या अर्थाने सुरू झालं ते जूनमध्ये. नव्या सुया आल्या, त्या तरुणाची नेमणूक झाली, अकरा महिन्यांच्या करारावर. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिली टाच टोचली तेव्हा मी मुद्दाम गेले होते. टाच आधी ओल्या गरम फडक्याने शेकायची, कडेला टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा मोठा होऊन आपोआप कागदावर उतरू द्यायचा. कागदावर छापलेलं वर्तुळ एका थेंबात भरलं पाहिजे. दोनदा टेकवलं की नमुना वाया. बाळ रडलं, आजीने आमच्याकडे असं बघितलं की मी नकळत "सॉरी" म्हटलं.

हे कागद तीन-चार तास सावलीत, आडवे, कशालाही न टेकता वाळवावे लागतात. पुस्तकात सोपं आहे. जुलैत तोरणमाळच्या बाजूला ढग घरात येतात, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. पहिल्या खेपेच्या काही नमुन्यांवर बुरशी आली. टेक्निशियनने मग पापड वाळवायच्या जाळीसारखी एक चौकट केली, वर दोन साधे बल्ब, खाली पंखा. वीज गेली की तो ती चौकट मोटरसायकलच्या मागे बांधून पुढच्या गावी, जिथे वीज असेल तिथे जायचा. वाळलेले कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह पाकिटात, आणि पाकीट एसटीने कॉलेजला. बिलांच्या फायलीत एसटीच्या पार्सलच्या पावत्यांची एक वेगळी चवड आहे. उणे ८० चा फ्रीजर तिसऱ्या मजल्यावर आहे. व्होल्टेजमुळे त्याचा अलार्म रात्री वाजतो, वॉचमन वैतागलाय.

दिवाळी झाली आणि आमची बाळं गेली. ज्यांच्यात आजार निघाला होता त्यांतली निम्म्याहून जास्त. पेनिसिलिनच्या अर्ध्या-अर्ध्या गोळ्या आम्ही कागदाच्या पुड्या करून दिल्या होत्या, सकाळच्या आणि रात्रीच्या. टेक्निशियन प्रत्येक आईला सांगायचा, पुडी दिल्यावर रिकामा कागद टाकू नका, ठेवा. त्यावर किती पुड्या संपल्या ते मोजायचं, असा आमचा साधा हिशेब.

जानेवारी २०२५ मध्ये तो म्हणाला, मी जाऊन येतो. मी म्हटलं, प्रवास प्रकल्प जिल्ह्यापुरता आहे. तो म्हणाला, "मग मी रजेवर जातो." तेव्हा दुसरा हप्ता यायचा होता, आणि तीन महिन्यांचा पगार त्याला मिळालेला नव्हता, कारण पहिल्या हप्त्याचं लेखापरीक्षित उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय दुसरा येत नाही, आणि आमचं प्रमाणपत्र एका सहीसाठी अडलं होतं. पगार नसलेला माणूस रजा टाकून स्वखर्चाने कामाला निघाला होता. मीच शरमून सोबत गेले. नंदुरबारहून रेल्वेने सुरतच्या दिशेने, पुढे गुजरातची बस, मग मुकादमाच्या ट्रॅक्टरवर.

पडाव रस्त्याच्या कडेला होता. पाचटाच्या खोप्या, गुडघाभर उंचीचं दार. दुपारी सगळे फडात. एका खोपीपाशी म्हातारी आणि दोन बाळं. आमच्या यादीतली आई संध्याकाळी डोक्यावर वाढ्याचा भारा घेऊन आली. आम्हाला बघून ओळखलं, हसली, भारा टाकला आणि आत गेली. परत आली ती हातात एक कापडाची पुरचुंडी घेऊन. उघडली. आत रिकाम्या पुड्यांचे कागद होते, एकावर एक सरळ करून, दहा-दहाची चळत, प्रत्येक चळत सुतळीने बांधलेली. धुरकट, काहींना बोटांचा काळा ठसा. आम्ही तिथेच बसून मोजले. नऊ कमी होते. ती टेक्निशियनला पावरीत काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, "नऊ पुड्या पावसात भिजल्या म्हणते. त्यांचे कागद आणू शकली नाही, म्हणून माफ करा म्हणतेय."

बाळ पाचटावर झोपलं होतं. पंजे बघितले. सूज नव्हती.

२०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेने या आजारावर जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता दिली, अमेरिकेतली किंमत एका रुग्णाला २२ लाख डॉलर. विज्ञान म्हणून मला त्याचं फार कौतुक आहे, वर्गात मी ते रंगवून शिकवते. त्या पडावावर मात्र मला त्याची आठवण झाली नाही, रात्री परतीच्या गाडीत झाली.

लेखापरीक्षणात आक्षेप आलाच. 'मंजूर जिल्ह्याबाहेरील प्रवास, कारण नमूद नाही, रुपये १,१४०.' आप्पांनी तो आकस्मिक खर्चात बसवायचा प्रयत्न केला, बसला नाही. शेवटी मी खिशातून भरला. आप्पा मला त्या पुड्यांच्या चळतीचा फोटो परत परत मोबाइलवर दाखवायला सांगत होते. म्हणाले, "हिची व्हाउचरं आपल्यापेक्षा चांगली आहेत."

फायदा एवढाच झाला की तिसऱ्या वर्षाचं सुधारित अंदाजपत्रक पाठवताना माझ्याकडे कागद होता. प्रवासाच्या कप्प्यात मी स्वतंत्र ओळ घातली: नोव्हेंबर ते मार्च, ऊसतोड पडाव, चार फेऱ्या. सोबत फोटो जोडला. आणि विनंती केली की हप्ता सप्टेंबरात सोडावा. त्यावर दोन आठवड्यांनी पोर्टलवर शंका उमटली: 'पडाव' हे ठिकाण कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या तालुक्यात, कृपया स्पष्ट करावे.

आप्पांना वाचून दाखवलं. ते खूश होते बहुतेक, कारण अहिराणीत म्हणाले, "लिखी द्या मॅडम, जठे ऊस शे, तठे."

मी लिहिलं: सुरत, नवसारी, भरूच, हंगामानुसार बदल. अर्जाची स्थिती अजून 'विचाराधीन' दाखवतेय. पोर्टल मी रोज सकाळी, चहा ठेवला की, एकदा उघडून बघते.